क्लच सोडला की मागून ‘ठक्क’: जुन्या डॅटसन २४०झेडचा डिफरन्शियल धरून ठेवणारं रबर

सिग्नल सुटतो, पहिल्या गिअरमध्ये क्लच वर येतो आणि गिअरच्या दांड्यामागे, कोपराच्या खाली कुठेतरी लाकडी हातोडी बसल्यासारखा आवाज येतो. ठक्क. गाडी पुढे निघते, काही तुटलेलं नसतं. दुसरा गिअर टाकताना पुन्हा तेच, फक्त जरा हलकं. डॅटसन २४०झेड चालवणाऱ्या पुष्कळांच्या हा आवाज ओळखीचा असतो.

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्या शेजाऱ्याकडे १९७२ची २४०झेड आहे. या आवाजापायी त्याने एका वर्कशॉपमध्ये आधी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाकडून मागे जाणाऱ्या फिरत्या लांब दांड्याचे, दोन्ही क्रॉस (वाकून फिरणारे सांधे) बदलून घेतले. मग चाकांकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टचे चारही क्रॉस बदलले. पैसे गेले, आवाज तसाच राहिला. दोष होता डिफरन्शियलच्या नाकाखालच्या मुठीएवढ्या रबरात, आणि तिथे कुणी टॉर्च मारून बघितलंच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण हा दोष समजायला आणि शोधायलाही सोपा आहे. फक्त जोर कुठून कुठे जातो, ते एकदा डोळ्यांसमोर यायला हवं.

गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. १९६९च्या ऑक्टोबरात ही जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावाने आली. अमेरिकेत १९७०चं मॉडेल म्हणून ३,५२६ डॉलरला विकायला ठेवली, तेव्हा तेवढ्या पैशात २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळणं ही मोठी गोष्ट होती. १९७१ आणि १९७३ अशी दोनदा तिने पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली जिंकली. १९७३ला स्टिअरिंगवर होता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा ड्रायव्हर. त्या वर्षी त्याची आणि दुसऱ्या डॅटसनमधल्या हॅरी केल्स्ट्रॉमची गुणांत बरोबरी झाली होती आणि टायब्रेकवर विजय मेहताला मिळाला. पुढे त्याने ही रॅली आणखी चार वेळा जिंकली. आपल्याकडे हे नाव फार कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

नाक वर का उचलतं

डिफरन्शियलचं काम दोन वाक्यांत सांगता येतं. इंजिनाकडून लांब दांड्याने आलेलं फिरणं काटकोनात वळवून दोन्ही चाकांना द्यायचं, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू द्यायचं. आत पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक क्राउन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. २४०झेडमध्ये हा क्राउन १८० मिलिमीटर व्यासाचा, म्हणून या डिफरन्शियलला ‘आर१८०’ म्हणतात. पिनियन जिथून बाहेर डोकावतो तो पुढचा निमुळता भाग म्हणजे त्याचं नाक.

जीप किंवा ट्रकमध्ये डिफरन्शियल मागच्या अ‍ॅक्सलचाच भाग असतो. तो चाकांबरोबर वरखाली होतो आणि त्याची पिळवट पाट्यांच्या स्प्रिंगांवर जाते. २४०झेडमध्ये चाकं स्वतंत्र हलतात, त्यामुळे डिफरन्शियल गाडीच्या अंगालाच बोल्टने लटकवलेला आहे. आता तो सगळा पीळ बॉडीने सोसायचा. तो थेट पत्र्यावर येऊ नये, आणि गिअरच्या दातांची कुरकुर आत बसलेल्या माणसाच्या कानाशी येऊ नये, म्हणून मध्ये रबर घातलेलं असतं. गॅरेजमध्ये इंजिनाच्या अशाच रबराला आपण ‘फाउंडेशन’ म्हणतो. हे डिफरन्शियलचं फाउंडेशन, म्हणजेच त्याचा ‘माउंट’.

पुढची गोष्ट ज्याने चिखलणी पाहिली आहे त्याला लगेच कळेल. भाताच्या खाचरात ट्रॅक्टरची मागची चाकं रुतली आणि ड्रायव्हरने जोर केला, की ट्रॅक्टरचं तोंड हवेत उचलतं. इंजिन चाकाला पुढे फिरवू बघतं, चाक फिरत नाही, तेव्हा तोच जोर उलटा फिरून ट्रॅक्टरचं धड मागे फिरवतो. चाकं रुतलेली नसली तरी हा उलटा जोर असतोच, फक्त कमी असतो. डिफरन्शियलचंही नेमकं तसंच आहे. तो चाकांना पुढे लोटतो आणि स्वतः मागे फिरू बघतो. शेपूट खाली दाबलं जातं, नाक वर उसळतं.

किती जोराने, त्याचा अंदाज घेऊ. या इंजिनाचा कागदावरचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवणारा पीळ) सुमारे १९८ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट होतो, क्राउन-पिनियनमध्ये आणखी ३.३६ पट. चाकांपाशी झाले साधारण २,३०० न्यूटन-मीटर. डिफरन्शियलच्या पुढच्या आणि मागच्या आधारांत अर्धा मीटर अंतर धरलं, तर नाक उचलणारा जोर येतो ४,६०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे पावणेपाचशे किलोचं वजन उलट्या दिशेने लटकवल्यासारखं. टायर आधी घसरले तर आकडा खाली येतो, तरी तो तीनशे-साडेतीनशे किलोच्या घरात राहतोच.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ही गाडी मुळात १७५ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर आली होती. टायर सुटला की त्यापुढचा जोर माउंटपर्यंत पोचतच नाही, तो धूर होऊन जातो. आज याच गाड्यांवर २०५ किंवा २२५चे चिकट टायर असतात. इंजिनाला हात लावला नसला तरी माउंटवरचा भार मात्र वाढलेला असतो. म्हणूनच ‘माझं इंजिन तर स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलं तसंच आहे, मग माउंट का गेला?’ हा प्रश्न वारंवार येतो.

ओढलेलं रबर

आता मूळ रचना बघा. नाकाखाली एक आडवा लोखंडी मेंबर आहे. त्यावर माउंट बसतो: खाली पत्रा, वर पत्रा, मध्ये दोघांना चिकटवलेला रबराचा ठोकळा. नाक त्याच्यावर टेकून बोल्टने बांधलेलं. उभ्या गाडीत रबर नुसतं वजन झेलतं, आणि ते त्याला सहज जमतं. पण क्लच सोडला की नाक वर जातं आणि तेच रबर दोन्ही टोकांना धरून ताणलं जातं.

स्लिपर आठवा. टाचेखालच्या रबरावर आपण रोज साठ-सत्तर किलो वजन टाकतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. तुटतो तो पट्टा, आणि तोही भोकापाशी, जिथे तो ओढला जातो. रबराला दाबलेलं मानवतं, ओढलेलं मानवत नाही. त्यातून इथे रबराचा पत्र्याशी असलेला चिकटपणाच ओढला जातो. पन्नास वर्षांचं ऊन-पाणी त्यावर गेलेलं असतं, आणि पिनियनच्या ऑइल सीलमधून झिरपणारं गिअर ऑइल नेमकं त्याच्यावरच गळतं. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस पत्र्यापासून सुटतं.

मग काय होतं? उभी गाडी अगदी ठीक दिसते, कारण नाक वजनाने रबरावर टेकलेलं असतं. क्लच सोडला की ते मोकळं वर उडतं आणि वरच्या भागावर आदळतं. ठक्क. गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडला की परत खाली. हलका ठक्क. रिव्हर्समध्ये जोर उलटा असतो, नाक खाली दाबलं जातं, म्हणून रिव्हर्सला आवाज बहुधा येत नाही. क्रॉसमधल्या झिजेचा आवाज मात्र दोन्हीकडे येतो. पुढे जाताना आवाज आहे आणि रिव्हर्सला नाही, तर संशय आधी माउंटवर घ्या.

कारखान्याला हा दोष माहीत होता, असं मी रचनेवरूनच म्हणतो. नाकाच्या वर त्यांनी एक जाड पट्टा दिला होता, नाक फार वर जाऊ नये म्हणून. कल्पना बरोबर दिशेने होती, पण पट्टा काम करतो तो नाक वर उठल्यानंतर. जुना झाला की सैल पडतो आणि नाकाला धावायला आणखी जागा मिळते.

शेजाऱ्याच्या गॅरेजमधली दुपार

पुढची चाकं अडवली, मागची बाजू उचलून स्टँडवर घेतली. हे पहिलं काम, आणि त्यात घाई नको: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. मग नाकाखाली लाकडाचा ठोकळा लावला आणि ट्रॉली जॅक हळूहळू वर घेतला. मी टॉर्च धरून आडवा झालो होतो. गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास आधी आला. माउंटचं रबर काळं नव्हतं, तपकिरी आणि चकचकीत होतं, कडांना तेलाने सुजलेलं. जॅकचा दांडा दोनदा दाबला आणि रबर खालच्या पत्र्यावरून सरळ उचललं गेलं, झाकण उघडावं तसं. पलीकडचा उजेड दिसला. शेजाऱ्याने सुताराची चपटी पेन्सिल त्या फटीत घातली, ती आरपार गेली.

“एवढंच?” तो म्हणाला. सहा क्रॉस बदलले होते त्याने.

ही तपासणी कुणालाही करता येते. जॅक लावायचा नसेल तर नाकाखाली पहार घालून हलकं उचलून बघा. चांगल्या माउंटमध्ये नाक थोडं दबतं, थोडं वर येतं, पण रबर आणि पत्रा यांच्यात फट पडत नाही. त्याच वेळी पिनियन सील ओला आहे का ते बघा. सील गळत असेल तर डिफरन्शियलच्या ब्रीदरचं छिद्र तपासा: ते मळाने बुजलं की गरम झालेली हवा आत कोंडते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर साफ न करता सील बदलला तर तोही गळणार, आणि नवा माउंट पुन्हा तेलात भिजणार.

कडक करायचं की दिशा बदलायची

इथे बहुतेकांचा पहिला विचार असतो: रबर फाटलं ना, मग त्याहून कडक काहीतरी घाला. बाजारात पॉलियुरेथेनचे माउंट मिळतात. शोर ए या कडकपणाच्या मोजमापावर गाडीतलं मूळ रबर साधारण ५० ते ६० असतं, पॉली ८० ते ९५. काही जण त्याही पुढे जाऊन अ‍ॅल्युमिनियमचा घन तुकडा घालतात.

मला हा रस्ता आधी बरोबर वाटत नाही. मूळ दुखणं रबराच्या मऊपणाचं नाही, ते ओढलं जाण्याचं आहे. कडक वस्तूही पत्र्याला नुसती चिकटवून ओढलीत, तर तिचा जोड पुन्हा सुटू शकतो. ज्या पॉली माउंटांत वरचा-खालचा पत्रा एकमेकांत अडकवलेला असतो, ते निदान नाक मोकळं सोडत नाहीत, आणि घ्यायचाच तर तसाच घ्यावा.

खरी सुबक युक्ती अमेरिकेतल्या हौशी लोकांनी काढली. त्यांनी माउंट नाकाच्या वर नेला. कारखान्याचा पट्टा ज्या जागी बोल्टने बसतो, त्याच जागी एक मजबूत आडवा पोलादी तुकडा बसवायचा आणि त्याच्या खाली, नाकाच्या माथ्यावर, गिअरबॉक्सचा साधा रबरी किंवा पॉली माउंट उलटा लावायचा. आता नाक वर उसळलं की रबर दाबलं जातं. तेच रबर, तोच जोर, फक्त दिशा त्याला मानवणारी. चिकटपणा तुटला तरी नाक कुठे जात नाही, कारण वर पोलाद आहे. मूळ रबरी माउंट खाली ठेवून वर हा लावला तर खालचा नाकाचं वजन झेलतो, वरचा उसळी अडवतो. सहा सिलिंडरचं मूळ इंजिन काढून आठ सिलिंडरचं व्ही८ घातलेल्या गाड्यांतही ही रचना लोकांनी वापरली आहे.

बसवताना एकच गोष्ट नाजूक आहे: वरचा माउंट नाकाला किती दाबून बसतो. मध्ये फट राहिली तर नाक तेवढं धावणार आणि ठक्क परत येणार. फार दाबलं तर नाक खाली ढकललं जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. हा शाफ्ट दोन क्रॉसांवर चालतो. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा पुढचा भाग एकसारखा फिरत असला तरी मागचा प्रत्येक फेरीत दोनदा किंचित पुढे-मागे होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाची चूक दुसरा भरून काढतो. नाक खाली गेलं की हा हिशेब चुकतो, आणि वेग वाढला की खालून घरघर सुरू होते. आम्हालाही पहिल्या खेपेला हीच घरघर भेटली, हायवेवर वेग घेतल्यावर. माउंटच्या वर ठेवलेल्या पत्र्याच्या पातळ चकत्यांपैकी एक काढली, तेव्हा ती गेली. म्हणून बसवण्याआधीच नाकाचा कोन मोजून लिहून ठेवा, कोन मोजायच्या साध्या अँगल गेजनेही चालेल, आणि बसवल्यावर तोच आकडा परत येतो का बघा.

मागच्या आधाराबद्दल थोडं. डिफरन्शियलची शेपटी एका आडव्या पट्टीवर लटकते. तिचा आकार मिशीसारखा, म्हणून तिला ‘मिशी-पट्टी’च म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना रबरी बुश (बोल्टभोवतीच्या जाड रबरी नळ्या) असतात. नाक उसळतं तेव्हा या टोकांवर खाली ओढ येते. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा स्वतःचा पीळ असतो, तो डिफरन्शियलला एका कुशीवर वळवू बघतो, आणि तोही हेच दोन बुश सोसतात. हे पॉलीचे करायला माझी हरकत नाही, त्याने गाडी गॅसला लगेच उत्तर देते. पण पुढचा फाटलेला ठेवून मागचे कडक करू नका. मग सगळी हालचाल एकट्या नाकात गोळा होते.

आवाजाचं काय? पॉलीने थोडी कुरकुर वाढते, गॅस सोडल्यावर डिफरन्शियलचं गाणं ऐकू येतं. अ‍ॅल्युमिनियमने ते गाणं अख्ख्या गाडीत भरतं, आणि हायवेवर दोन तास काढणं कठीण होतं. निव्वळ ट्रॅकवरच्या गाडीला ते चालेल. रस्त्यावरच्या गाडीत मी घन माउंट बसवणार नाही, आणि त्याचं कारण फक्त कान नव्हे. रबर नसलं की प्रत्येक झटका सरळ पत्र्यावर जातो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ मालिकेत मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बसतो तिथला पत्राच तडकतो, हे त्या गाड्यांच्या मालकांना चांगलं ठाऊक आहे, आणि तिथे तर रबरी बुश आहेत. २४०झेडचा पत्रा पातळ, वय पन्नासच्या वर, आणि गंज हा तिचा जुना आजार. माउंट मागवण्याआधी मागच्या आधारांभोवतीचा पत्रा तारेच्या ब्रशने घासून बघा. ब्रशखाली खपल्या सुटल्या तर आधी वेल्डिंगवाल्याकडे जा, माउंट नंतर.

गाडी फक्त रविवारी आरामात फिरत असेल, तर मूळ पद्धतीचा नवा रबरी माउंट आणि नवा पट्टा पुरतो. जुन्या स्टॉकमधला ‘न वापरलेला’ माउंट मात्र घेऊ नका. रबर पाकिटातही म्हातारं होतं.

जाता जाता दुसऱ्या एका गाडीचं उत्तर सांगतो, कारण ते फार सुंदर आहे. १९८९च्या माझ्दा एमएक्स-५मध्ये अभियंत्यांनी गिअरबॉक्सच्या शेपटीपासून डिफरन्शियलच्या नाकापर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट टाकली. नाक वर उसळायचं तर त्याला गिअरबॉक्स आणि इंजिन दोन्ही बरोबर हलवावी लागतात. अर्ध्या मीटरच्या तरफेऐवजी इंजिनापर्यंत पोचणारी तरफ मिळाली, त्यामुळे टोकाशी येणारा जोर तेवढ्या पटीने कमी झाला. पीळ तितकाच, पण तो सोसणारी जागा बदलली.

शेजाऱ्याच्या गाडीत आता खाली नवं रबर, वर उलटा माउंट, मागे पॉलीचे बुश आहेत. पाचशे किलोमीटर झाल्यावर आम्ही पुन्हा खाली गेलो. नवं रबर बसतं, चकत्या दबतात, त्यामुळे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासावे लागतात. वरच्या आडव्या तुकड्याचा डावीकडचा बोल्ट पाव फेरी फिरला. बाकीचे जागचे हलले नाहीत. पिनियन सील कोरडा होता.